‘चालकाचा ताबा सुटला’ असं लिहिण्याआधी ट्रकमधली दुसरी सीट बघा

पहाटे चार-साडेचारला फोन वाजला की निम्मी बातमी मला फोन उचलायच्या आधीच कळते. महामार्गावर गाडी उलटलेली असते. मोटारसायकल काढायची, राहुड घाटाकडे जायचं, फोटो काढायचे, पोलिसांकडून नाव-गाव घ्यायचं आणि उजाडायच्या आत चार ओळी पाठवायच्या. त्या चार ओळींतली एक ओळ कायमची ठरलेली असते : ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात झाला.’ ही ओळ मी किती वेळा लिहिली त्याचा हिशोब नाही. ताबा का सुटला, हे मात्र एकदाही लिहिलं नाही.

मागच्या पंधरवड्यात शेजारच्या वस्तीवरचा एक ड्रायव्हर घरी बसलेला दिसला. कपाळाला पट्टी होती. कांदा घेऊन कोलकात्याला निघाला होता, अकोल्याच्या पुढं पहाटे गाडी रस्त्याच्या खाली गेली. दैव बलवत्तर म्हणून जीव वाचला, समोरून कोणी आलं नाही. गोण्या फुटून कांदा शेतात पसरला. मी विचारलं, झोप लागली का? तो म्हणाला, “भाऊ, झोप लागली असं कळत नाही. डोळे उघडेच असतात. पण रस्ता दिसायचा बंद होतो.”

गाडीत दुसरं कोणी होतं का, असं विचारल्यावर तो हसला. “दुसरं कोण असणार? दुसऱ्या सीटवर पाण्याचा जार होता.”

हा पाण्याचा जार तिथं कसा आला, तेवढंच या लेखात सांगायचं आहे.

दुसरा ड्रायव्हर कसा गेला?

ज्या गाडीला नॅशनल परमिट आहे, म्हणजे जी गाडी राज्याबाहेर माल नेते, तिच्यात दोन ड्रायव्हर असले पाहिजेत असा केंद्राच्या मोटार वाहन नियमात नियम होता. एक चालवतो, दुसरा मागच्या फळीवर झोपतो, आणि गाडी चालत राहते. जुने ड्रायव्हर अजून त्या दिवसांच्या गोष्टी सांगतात. नियम सगळे पाळत होते असं नाही. पण नियम होता, त्यामुळे मालकाला दुसऱ्या माणसाचा खर्च निदान भाड्यात धरता येत होता.

नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने नियम बदलले. नॅशनल परमिटच्या गाड्यांना फास्टॅग आणि गाडी कुठं आहे ते दाखवणारं यंत्र बंधनकारक झालं. त्याच बदलात दोन ड्रायव्हरची अट निघाली आणि एक ड्रायव्हर पुरेसा ठरला. त्याच वर्षी गाड्यांची भार वाहण्याची मर्यादाही वाढवली होती. म्हणजे गाडीवर माल वाढला आणि गाडीतला माणूस कमी झाला, दोन्ही एकाच वर्षात.

उरला होता क्लीनर, ज्याला आपल्याकडे किन्नर म्हणतात. त्याच्यावरही आता पाणी सोडायची तयारी चालली आहे. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या वाहतूकदारांनी संप केला होता. ई-चलनाचे दंड माफ करा ही मागणी सगळ्या पेपरात आली. दुसरी मागणी फारशी कोणी बघितली नाही : अवजड गाडीत क्लीनर असलाच पाहिजे ही सक्ती काढा. त्यानंतर राज्याने नियमबदलाचा मसुदा काढला. ज्या गाडीत ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रणा बसवलेली आहे, तिला क्लीनर ठेवण्याच्या सक्तीतून सूट द्यायची, असा तो प्रस्ताव.

मालकांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. क्लीनर म्हणून यायला आता पोरं तयार नाहीत. पूर्वी गावातलं शाळा सुटलेलं पोरगं किन्नर म्हणून गाडीवर चढायचं आणि चार-पाच वर्षांत स्टिअरिंग धरायचं. ती वाट आता बंद झाली. माणूसच मिळत नाही आणि नसला म्हणून दंड भरायचा, याला मालक वैतागले. एक-दोन गाड्यांचा मालक तर बऱ्याच वेळा स्वतःच ड्रायव्हर असतो. पण यंत्राने टूं-टूं केलं म्हणून झोप जात नाही. रात्री दोन वाजता कोणीतरी “उस्ताद, बाजूला घ्या, चहा घेऊ” असं म्हणायला लागतं. ते काम यंत्राकडून होत नाही.

हिशोब करून बघा

मी शेतकरी आहे, म्हणून हिशोब करायची सवय आहे. लासलगावहून कोलकाता साधारण अठराशे-साडेअठराशे किलोमीटर. धुळे, भुसावळ, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असा रस्ता. भरलेली गाडी, घाट, टोल, गावं, चढ सगळं धरून तासाला सरासरी ४० किलोमीटर पकडू. म्हणजे नुसतं स्टिअरिंगवर बसायचं काम झालं ४६ तासांचं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ चा. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा. सलग पाच तासांच्या वर काम नाही, मधे निदान अर्धा तास विश्रांती. लांबच्या मार्गावर परवानगीने दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत जाता येतं, त्याच्या वर नाही. म्हणजे कोलकात्याचा एका बाजूचा फेरा हेच कायद्याने ड्रायव्हरचं जवळपास आठवड्याचं काम आहे. दिवसाला आठ तासांनी तो फेरा सहा दिवसांचा होतो. दहा तासांनी धरला तरी पाच दिवस.

व्यापारी काय सांगतो? आज संध्याकाळी खळ्यावरून गाडी निघाली तर चौथ्या दिवशी सकाळच्या बाजाराला कोलकात्यात लागली पाहिजे. हे झाले साडेतीन दिवस. दिवसाला सव्वातेरा तास स्टिअरिंग. यात जेवण नाही, आंघोळ नाही, टायर पंक्चर नाही, पोलिसांनी थांबवलं ते नाही, आणि शहरात दिवसा अवजड गाडीला नो-एन्ट्री असते म्हणून बाहेर उभं राहावं लागतं ते पण नाही.

आणि आता दोन ड्रायव्हर धरून तोच हिशोब करा. प्रत्येकी आठ तास, म्हणजे गाडी दिवसाला सोळा तास चालणार. ६४० किलोमीटर. तीन दिवसांत कोलकाता. कायदा न मोडता आणि कोणाची झोप न मोडता, व्यापाऱ्याने सांगितलेल्या वेळेच्या आधी.

म्हणजे बाजाराने वेळ ठरवला तो दोन माणसांचा, आणि गाडीत माणूस ठेवला एक. मधला फरक ड्रायव्हरच्या झोपेतून भरून काढला जातो. ‘ताबा सुटला’ या ओळीमागचं कारण बऱ्याच वेळा हेच असतं.

हे माझ्या एकट्याच्या मनातलं नाही. सेव्ह लाइफ फाउंडेशन या संस्थेने २०२० मध्ये देशातल्या दहा वाहतूक केंद्रांवर बाराशेच्या वर ट्रक ड्रायव्हरशी बोलून अहवाल काढला होता. ड्रायव्हर दिवसाला सरासरी बारा तास गाडी चालवतात, आणि जवळपास निम्म्यांनी सांगितलं की थकवा आला, झोप आली तरी गाडी चालवतो. १०० पैकी ८४ जण म्हणाले, आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या कोणाला या धंद्यात या असं सांगणार नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्ता अपघातात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, हा केंद्राच्या परिवहन मंत्रालयाचा आकडा आहे. सगळे काही ट्रकमुळे गेले नाहीत. पण झोपेने जड झालेला माणूस आणि चोवीस-पंचवीस टन माल एकाच रस्त्यावर असला, तर त्या रस्त्यावरचा मोटारसायकलवाला, एसटीतला प्रवासी, शाळेचं पोर, कोणीच सुरक्षित नाही.

कायदा आहे, पण कोणाला?

मग कामगार खात्याने मालकांना का धरू नये? अडचण अशी की १९६१ चा कायदा लागू होत होता तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक धंद्याला. आपल्या तालुक्यात बघा, बहुतेक मालक एका-दोन गाड्यांचे. कोणी जमिनीचा तुकडा विकून गाडी घेतली, कोणी फायनान्सवर. ते कायद्याच्या बाहेरच होते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार नव्या कामगार संहिता लागू केल्या आणि हा जुना कायदा त्यातल्या सुरक्षा-आरोग्य संहितेत गेला. आठ तासांची मर्यादा तिथंही आहे. पण वाहतूक धंद्यासाठी कामगारांची अट पाचावरून दहावर गेली. म्हणजे आणखी मालक आणि त्यांच्याकडचे आणखी ड्रायव्हर बाहेर पडले.

दुसरीकडे शिक्षेचा कायदा मात्र सगळ्यांना लागू, तिथं गाड्या मोजत नाहीत. जानेवारी २०२४ ची आठवण आपल्या भागात सगळ्यांना असेल. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध देशभरात ड्रायव्हर रस्त्यावर उतरले. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोवर टँकर उभे राहिले आणि दोन दिवसांत पंपावर रांगा लागल्या. रांगेत उभं राहून आपण सगळ्यांनी ड्रायव्हरला शिव्या घातल्या. ते कशासाठी उभे होते हे किती जणांनी विचारलं?

कलम असं आहे : निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा जीव गेला आणि ड्रायव्हर पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या कायद्यात निष्काळजीपणाने मृत्यूला दोन वर्षांपर्यंत होती. कळवायचं, एवढंच सांगितलंय, मग भीती कसली असं वाटेल. पण अपघातानंतरची पहिली दहा मिनिटं ज्याने बघितली तो असं बोलणार नाही. मी बघितली आहेत. जमाव चूक कोणाची हे विचारत नाही, मोठी गाडी कोणाची हे बघतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येच लिहिलंय की ड्रायव्हरने जखमीला मदत करावी, मात्र जमावाच्या रोषामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही जमाव काय करतो हे माहीत होतं. २ जानेवारीला वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलून सरकारने ते कलम थांबवलं, आणि १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली तेव्हा हे कलम बाजूला ठेवूनच आली.

पळून जाणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाही. ज्याच्या घरचा माणूस रस्त्यावर तडफडून गेला त्याला हे सांगायची माझी हिंमत पण नाही. माझा मुद्दा एवढाच की अपघात झाल्यानंतरच्या शिक्षेवर देशभर चर्चा होते, आणि अपघात व्हायच्या आधी तो माणूस किती तास जागा होता यावर होत नाही.

थांबायचं कुठं?

ड्रायव्हरला म्हटलं, मग गाडी बाजूला लावून दोन तास झोपायचं ना. तो म्हणाला, “भाऊ, गाडी लावली अन् डोळा लागला का डिझेल काढणारे टपलेलेच असतात. ताडपत्री कापून गोण्या ओढतात. माल कमी भरला तर ती घट माझ्या भाड्यातून. एकट्यानं झोपायचं का राखण करायची?”

इथंही दुसरी सीट रिकामी असण्याचा प्रश्न आहे. दुसरा माणूस असला तर एक झोपतो, एक राखतो. एकटा असला की ढाब्यावरच थांबावं लागतं, आणि ढाब्यावर जागा मिळणं नशिबावर.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ड्रायव्हरसाठी ‘अपना घर’ नावाने झोपायची, आंघोळीची सोय केली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर एक हजार विश्रांतीगृहांची घोषणा केली. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकची केबिन एसी असणं बंधनकारक झालं. मे महिन्यात इंजिनाजवळ बसून विदर्भातून गाडी नेणाऱ्याला विचारा, एसीची किंमत तो सांगेल. पण रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून कित्येक वर्षं चालणार. आणि चांगला पलंग असून उपयोग काय, जर बिल्टीवरच्या वेळेत त्यावर झोपायला तासच शिल्लक नसतील?

वेळेचा धाक कांद्याला जास्तच आहे. तिकडं माल एक दिवस उशिरा लागला आणि भाव पडला की भाड्यावरून वाद, बाकी भाडं अडकतं. उलटंही होतं. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने अचानक कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा बांगलादेशच्या सीमेवर कांद्याच्या गाड्या अडकून पडल्या होत्या. आपण शेतकऱ्यांनी इथं रास्ता रोको केला, भावासाठी बोललो. बरोबरच होतं. पण तिकडं सडत्या कांद्यावर ताडपत्री टाकून, परक्या मुलखात खिशातला भत्ता मोजत बसलेल्या ड्रायव्हरबद्दल आपण अवाक्षर काढलं नाही. मीही त्या दिवसांत भावाच्याच बातम्या लिहिल्या.

पंचवीस पैशांचा प्रश्न

आता शेतकऱ्याला न आवडणारी गोष्ट. दुसरा ड्रायव्हर परत आणायचा तर खर्च कोण करणार? समजा कोलकात्याच्या एका फेऱ्याला दुसऱ्या माणसाचा पगार-भत्ता धरून सहा हजार रुपये जास्त लागले. गाडीत २४ टन कांदा, म्हणजे २४ हजार किलो. किलोमागे पंचवीस पैसे पडले. क्विंटलला पंचवीस रुपये.

मला माहीत आहे, हे पंचवीस रुपये कोलकात्याचा गिऱ्हाईक देणार नाही, व्यापारी देणार नाही, ते फिरून आपल्याच लिलावाच्या भावातून कापले जाण्याची भीती आहे. ट्रॅक्टर घेऊन लिलावाला उभा राहतो तेव्हा क्विंटलमागे पंचवीस रुपये मलाही लागतात. पण त्याच लिलावात एका सकाळी दोन ट्रॅक्टरच्या भावात शंभर-दोनशेचा फरक पडतो, आणि आपण तोंड दाबून घरी येतो. तेव्हा पंचवीस रुपयांत माणसाची झोप बसत नाही, असं निदान आपण तरी म्हणू नये. आपला माल पुढं नेणारा बाहेरचा कोणी नाही. बऱ्याच ड्रायव्हरच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू आहे. पाऊस गेला म्हणून गाडीवर गेलेली ही आपलीच माणसं.

सगळं दिल्लीवर सोडायची पण गरज नाही. तीन गोष्टी इथं होऊ शकतात. एक, बाजार समित्यांनी व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना बसवून लांबच्या बाजारपेठांसाठी पोहोचण्याची माणसाला झेपेल अशी वेळ ठरवावी, आणि त्या वेळेच्या आत आलेल्या गाडीचं भाडं ‘उशीर’ म्हणून कापू नये. दोन, गाडी भरायला थांबलेल्या ड्रायव्हरसाठी आवारात झोपायला जागा, पाणी आणि धड संडास करावा. भरणीच्या वेळी ड्रायव्हर पाच-सहा तास खळ्यावर उभा असतो, तेवढ्यात तो झोपला तरी पहिली रात्र सुखरूप जाईल. हमालांसाठी समित्यांनी सोयी केल्या, मग ड्रायव्हरसाठी का नको? तीन, आपल्या आमदार-खासदारांनी एवढंच मागावं की ठराविक अंतराच्या पुढं, समजा हजार किलोमीटरच्या वर, दोन ड्रायव्हरची अट परत आणा आणि ती भाड्यात धरा. नियम सगळ्यांना असला की एकट्या मालकावर भार येत नाही. आज ज्याला दुसरा ड्रायव्हर ठेवायचा आहे, त्याचं भाडं महाग पडतं आणि माल दुसऱ्याच्या गाडीत जातो.

कपाळाला पट्टी बांधलेला तो ड्रायव्हर परत जाणार आहे. गाडी दुरुस्तीला आहे, मालकाचा हप्ता थांबलेला नाही, याचा पगार मात्र थांबला आहे. त्याच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि मला म्हणाली, “भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता ना. यांना कोणीतरी सोबतीला द्या म्हणावं. रात्री फोन वाजला का माझ्या पोटात गोळा येतो.”

रात्री वाजणारा फोन तिच्याकडं आणि माझ्याकडं वेगवेगळ्या कारणाने येतो. यापुढं अपघाताची बातमी करताना मी पोलिसांना दोन प्रश्न जास्तीचे विचारणार आहे : गाडी कुठून, किती वाजता निघाली होती? आणि ड्रायव्हरच्या शेजारी कोणी होतं का? उत्तर मिळालं तर तेही बातमीत छापू.